मानकांतील मौन : स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या निवासगृहांचे निकष आणि बोलीचा प्रश्न

१

कायद्याचे लेखन वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत सहसा घेतले जात नाही. ते अन्वयार्थासाठी विधिज्ञांकडे आणि अंमलबजावणीसाठी कचेऱ्यांकडे जाते. तथापि जे लेखन एखाद्या माणसाचे जेवण, झोप, कपडे आणि दाराची कडी यांची व्यवस्था लावू पाहते, त्यात त्या माणसाच्या वाणीला कोणते स्थान दिले आहे, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ठेवून घेणाऱ्या निवासगृहांची गुणवत्ता आणि सुरक्षितता ज्या निकषांवर ठरते, त्या निकषांचे या दृष्टीने परीक्षण मराठीत फारसे झालेले नाही.

या प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले. म्हणजे या विकाराचा सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर आहे, त्यांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या ग्रामीण वृद्ध स्त्रियांची संख्या मोठी असणार. या स्त्रियांची भाषा नियमावलीची भाषा नव्हे, आणि बहुधा त्यांना सांभाळणाऱ्या पगारी परिचारकांचीही नव्हे.

सातारा जिल्ह्यातील फलटण हे गाव या परीक्षणासाठी कसोटी म्हणून घेण्यास दोन कारणे आहेत. एक, या गावाच्या बोलण्याचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे : मॅक्सीन बर्नसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास १९७३ मध्ये सादर केलेला प्रबंध फलटणच्या बोलीतील भाषिक भेदांवर आहे. दुसरे, भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण ज्यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केले त्या कमला निंबकर यांचे नाव याच गावातील एका शाळेला आहे, आणि त्या शाळेच्या उभारणीमागे बर्नसन याच होत्या. बोलीचा अभ्यास आणि दुबळ्या झालेल्या माणसाची शुश्रूषा हे दोन विषय एका गावात शेजारी नांदले असूनही त्यांची गाठ पडलेली नाही. ती का पडावयास हवी, हे या लेखात मांडावयाचे आहे.

२

प्रथम नावांचा विचार करणे अवश्य आहे, कारण नाव ठरले की सांभाळणारा ठरतो.

या विकाराला मराठीत तीन थरांवरची नावे आहेत. लोकभाषेत तो ‘म्हातारचळ’ आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याच थरातील. या नावात वार्धक्य आणि विकार एकरूप झाले असल्यामुळे उपचाराला किंवा निकषाला जागाच उरत नाही. सुशिक्षितांच्या लेखनात ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तेथे तो क्रोधापासून सर्वनाशापर्यंतच्या नैतिक अधःपाताच्या साखळीतील एक कडी म्हणून येतो. त्याचा जुना संस्कार दोषाचा आहे, दुखण्याचा नव्हे. शिवाय तो सारा भार स्मृतीवर टाकतो. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की, या माणसाला केवळ आठवत नाही, तेव्हा त्याला आठवण करून द्यावी. प्रत्यक्षात दिशाभान, निर्णयशक्ती आणि वाणी यांनाही हा विकार ग्रासतो.

तिसरे नाव कायद्याचे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार, मनःस्थिती व संवेदन यांच्याबरोबर दिशाभान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. त्या व्याख्येप्रमाणे निर्णयशक्ती किंवा दैनंदिन व्यवहाराची क्षमता फार बिघडलेली स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती मानसिक आजार असलेली व्यक्ती ठरते. आणि अशा व्यक्तींना शुश्रूषेसाठी ठेवून घेणारे गृह ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ या संज्ञेत येऊ शकते, मग तिला नोंदणी आवश्यक होते. नातलगांबरोबर राहण्याचे घर मात्र या संज्ञेतून वगळले आहे.

याच्या शेजारी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा कायदा उभा आहे. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे. या कायद्याचा नायक ‘ज्येष्ठ नागरिक’ आहे, आणि तो काय मागतो हे त्याला सांगता येते, असे तेथे गृहीत आहे. वृद्ध-निवासगृहांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. परिणामी वृद्धाश्रमात राहता राहता ज्याची स्मृती ढळू लागते असा माणूस दोन नामांच्या मधल्या फटीत सापडतो. एका कायद्याच्या दृष्टीने तो केवळ म्हातारा असतो. दुसऱ्याच्या दृष्टीने तो रुग्ण असतो, पण तो राहतो ती जागा स्वतःला आस्थापना समजत नाही.

३

२०१७ च्या अधिनियमाचे लेखन न्याय्य दृष्टीने वाचले असता त्याची थोरवी मान्य करावी लागते. त्याच्या २० व्या कलमात क्रूर, अमानुष व मानहानिकारक वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे आणि त्याखाली तपशिलांची यादी आहे : सुरक्षित व आरोग्यकारक परिसर, स्वच्छतेची सोय, खासगीपणा, अंग झाकेल असे वस्त्र, सकस अन्न, सक्तीने केस न कापणे, गणवेशाची सक्ती नसणे. यांतील प्रत्येक बाबीमागे वेड्यांच्या इस्पितळांचा दीर्घ इतिहास उभा आहे. जो कायदा १९१२ मध्ये अशा माणसाला सरळ ‘वेडा’ म्हणत होता, त्याच्या वारसाने स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क लिहून द्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. ९७ वे कलम तर याहून कणखर आहे. माणसाला एकांतात कोंडण्यास तेथे मनाई आहे. जखडून ठेवणे हे केवळ तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीनेच करावयाचे आहे. आणि नोकरवर्ग अपुरा आहे एवढ्याच कारणावरून ते करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

या लेखनात भाषेचा निर्देश कोठे कोठे येतो हे पाहावे. २२ व्या कलमात व्यक्तीला तिच्या दाखल होण्याविषयी व उपचाराविषयी माहिती मिळण्याचा हक्क असून ती माहिती तिला समजेल अशा भाषेत व स्वरूपात द्यावयाची आहे. येथे भाषेचा प्रवाह आस्थापनेकडून व्यक्तीकडे वाहतो. चौथ्या कलमात उपचारविषयक निर्णयक्षमतेचा विचार आहे. तेथे मात्र आपला निर्णय बोलण्याने, हावभावाने, खुणेने किंवा अन्य साधनाने कळविता येणे पुरेसे मानले आहे. येथे प्रवाह उलटा वाहतो, आणि या एका वाक्यासाठी कायद्याच्या कर्त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. पण हे वाक्य उपचाराच्या निर्णयापुरते आहे. २० व्या कलमात, जेथे पाणी, अन्न, शौच, वस्त्र यांची म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांची व्यवस्था आहे, तेथे वाणीचा उल्लेख एकदाच येतो, आणि तो शाब्दिक छळाच्या मनाईत. म्हणजे बोलणे हे तेथे केवळ संभाव्य अपराध म्हणून नोंदले गेले आहे. व्यक्ती जे बोलेल ते समजून घेण्याची जबाबदारी कोणावर, याविषयी ती यादी मौन पाळते.

हे मौन इतर रुग्णांच्या बाबतीत कदाचित खपून जाईल. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ते सुरक्षिततेच्या मुळावर येते. या विकारात वस्तूंची नावे आधी सुचेनाशी होतात. व्याकरणाचा सांगाडा आणि सवयीने जिभेवर बसलेली वाक्ये तुलनेने अधिक काळ टिकतात. नाम हरवलेला माणूस ‘ते’, ‘तिकडं’, ‘त्याचं’ अशा सर्वनामांवर आणि ठराविक उद्गारांवर काम भागवतो. अशा बोलण्याचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. तो त्या माणसाच्या घराच्या आणि गावाच्या रूढीत असतो. ती रूढी न जाणणाऱ्याला ते बोलणे बरळणे वाटते. बरळणे म्हणून टाकून दिलेल्या बोलण्यात तहान असते, लघवीची घाई असते, मोडलेले हाड असते. न्यूयॉर्क येथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची तुलना केली असता, प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्यांना बुद्धी शाबूत असलेल्यांच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच वेदनाशामक अफूजन्य औषध मिळाले, असे दिसून आले. हाड तेच, शस्त्रक्रिया तीच. उणे होते ते वेदना सांगता येणे.

४

आता फलटणची कसोटी. बर्नसन यांच्या अभ्यासाचे महत्त्व असे की, गावाची बोली एकजिनसी नसते हे तो मुळातच गृहीत धरतो. एकाच पेठेत ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘होता’ आणि ‘व्हता’, ‘नाही’ आणि ‘न्हाई’ ही रूपे शेजारी नांदतात, आणि कोणते रूप कोणाच्या तोंडी येते याला शिक्षण, जात व प्रसंग यांचा आधार असतो. मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द पुरावा, मोजमाप आणि भाषेचे मान्य रूप या तिन्ही अर्थांनी चालतो. निवासगृहाच्या निकषाला मात्र हल्ली ‘मानक’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द बदलला, तरी प्रमाण नसलेली वाणी अडाणी समजण्याची सवय बदललेली नाही. आणि रुग्णाच्या बाबतीत अडाणी समजण्याचे रूपांतर लक्षण समजण्यात होते.

पहिले उदाहरण शौचाचे. या भागातील जुन्या पिढीत शौचास जाण्याला उघड शब्द वापरणे असभ्य मानीत. ‘परसाकडं जाऊन येतो’, ‘बाहेर जायचंय’, ‘रानात जाऊन येतो’ असे आडवळणाचे प्रयोग रूढ होते. घरे आणि शौचकूप बदलले, पण साठ-सत्तर वर्षे जिभेवर घोळलेले प्रयोग बदलले नाहीत. निवासगृहात एखादा वृद्ध दाराशी येऊन ‘बाहेर जायचंय’ असे पुन्हा पुन्हा म्हणतो. नोंदवहीत त्याची नोंद ‘भटकण्याची प्रवृत्ती’ अशी होते. कडी लावली जाते. थोड्या वेळाने त्याचे कपडे खराब होतात आणि ‘नियंत्रण गेले’ अशी दुसरी नोंद होते. तो चिडून दार बडवू लागला की ‘आक्रमकता’ ही तिसरी नोंद. आणि तिसऱ्या नोंदीनंतर ९७ व्या कलमातील तात्काळ इजेचे कारण तयार होते. तिन्ही नोंदी प्रामाणिक असूनही तिन्ही चुकीच्या आहेत, कारण पहिल्या वाक्याचा अर्थ कोणी लावलाच नाही. दाराच्या कुलपाची तपासणी येथे सुरक्षिततेची तपासणी होऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण वेदनेचे. मराठीत वेदनेची नावे विपुल आहेत : ठणका, कळ, चमक, रग, ओढ, शिणक, मुरडा, ठुसठुस. ‘कळ’ अचानक येते, ‘ठणका’ लय धरून राहतो, ‘मुरडा’ पोटाचा, ‘चमक’ स्नायूची. यांतील प्रत्येक शब्द वैद्याला अर्धे निदान देऊन जातो. परजिल्ह्यातून किंवा परप्रांतातून आलेल्या परिचारकाला ‘दुखतंय का?’ एवढाच प्रश्न येत असेल, तर ‘दुखत न्हाई, रग लागलीया’ या उत्तरातील ‘न्हाई’ तेवढे त्याच्या कानी पडते.

तिसरे उदाहरण परीक्षेचे. विकाराची पातळी ठरविण्यासाठी १९७५ मध्ये मार्शल फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली लघुचाचणी जगभर वापरली जाते. तीत वर्ष, महिना, तारीख विचारतात. वाक्य लिहावयास सांगतात. निरक्षरांना ती लागू पडत नाही हे ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासासाठी तिचे हिंदी रूप नव्याने घडविण्यात आले व ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. फलटणच्या वृद्धेला तारीख विचारली तर ती ‘पालखी येऊन गेली’ असे सांगू शकते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवर तरडगाव आणि बरड यांच्यामध्ये फलटणचा मुक्काम असतो. तेव्हा हे उत्तर आषाढाचा पहिला पंधरवडा अचूक दाखविते. वय विचारले तर ती ‘तीन इसा आन धा’ म्हणेल. ती विसांच्या हिशेबाने सत्तर सांगत असते. नवऱ्याचे नाव विचारले तर ती गप्प बसेल. पतीचे नाव न उच्चारण्याची रूढी तिला आठवते आहे. चाचणीच्या कागदावर मात्र तिला नाव आठवत नाही, असे ठरते. स्मृतीचा पुरावा येथे विस्मृतीचा पुरावा म्हणून नोंदला जातो.

५

शब्दार्थाइतकाच संबोधनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्मृतिभ्रंशग्रस्ताचा ऱ्हास केवळ मेंदूच्या झिजेने होत नाही. त्याच्याभोवतीचे लोक नकळत त्याचे व्यक्तित्व खच्ची करीत असतात. त्याला लहान मूल समजणे, त्याला झेपणार नाही अशा वेगाने बोलणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, हे त्यांनी सांगितलेले काही प्रकार. यांतील एकही प्रकार कायद्यातील शाब्दिक छळात बसणार नाही, कारण त्यात शिवी नाही. उलट माया असते. पण अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांतील संभाषणांचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखविले की, परिचारिका बाळबोलीत बोलू लागल्या म्हणजे स्मृतिभ्रंशग्रस्तांचा शुश्रूषेस होणारा विरोध वाढतो. विरोध वाढला की झटापट होते आणि झटापटीत इजा होते. संबोधन हा शिष्टाचाराचाच नव्हे, तर सुरक्षिततेचाही विषय आहे.

इंग्रजीत या बाळबोलीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकवचनाच्या जागी ‘आपण सगळे’ या अर्थाचे अनेकवचन वापरणे हे एक प्रमुख आहे. मराठीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘आपण जेवता का?’ यातील ‘आपण’ अत्यंत आदराचा आहे आणि ‘चला, आता आपण जेवू या’ यातील ‘आपण’ मुलाला समजाविण्याचा आहे. रूप तेच, क्रियापदाच्या प्रत्ययाने माणसाची पायरी बदलते. ‘तू’चेही तसेच. या भागात आईला आणि आजीला ‘तू’ म्हणण्यात अनादर नाही; वडिलांना मात्र बहुतेक घरांत ‘तुम्ही’च म्हणतात. नातवाच्या तोंडचा ‘तू’ आणि पगारी परिचारकाच्या तोंडचा ‘तू’ यांत जे अंतर आहे ते सरसकट ‘आदराने बोलावे’ अशा सूचनेने भरून येणारे नाही. जो जन्मभर गावात ‘तात्या’ म्हणून ओळखला गेला त्याला ‘आजोबा’ अशी हाक मारली, तर ती हाक आपल्याला आहे हे त्याला कळेलच असे नाही; आणि तो वळून पाहत नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही असे ठरविले जाण्याचा संभव आहे.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, समजूत ही भाषेपेक्षा मायेची गोष्ट आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे भरकटत जातात आणि माहुताची कानडी बोलणारी बायको त्यांना सांभाळते. दोघांची भाषा एक नाही, तरी तिला त्यांची भूक कळते. हे चित्रण खोटे नव्हे. परंतु चन्नम्माला एकच माणूस सांभाळावयाचा आहे आणि तिचे सारे लक्ष त्याच्या देहाकडे आहे. पाळीने बदलणारे परिचारक, प्रत्येकाकडे अनेक माणसे आणि भरावयाची नोंदवही अशा ठिकाणी चन्नम्माची माया नियमाने आणता येत नाही. नियमाने आणता येते ते ज्ञान.

दुसरा आक्षेप असा की, खोलीचे क्षेत्रफळ मोजता येते, बोलणे कसे मोजणार? अग्निशमन, घसरती फरशी, कठडे यांची मोजणी आवश्यक आहे आणि बोलीच्या नावाखाली ती ढिली करणे घातक ठरेल, यात शंका नाही. पण बोलणे मोजता येत नाही हे खरे नव्हे. किटवुड यांच्याच परंपरेत स्मृतिभ्रंश-शुश्रूषेची जी निरीक्षणपद्धती तयार झाली, तीत निरीक्षक तासन् तास बसून दर पाच मिनिटांनी व्यक्ती काय करते व तिच्याशी कसे वागले जाते याची सांकेतिक नोंद करतो. क्षेत्रकार्यात भाषाभ्यासक जे करतो, त्याहून हे फार निराळे नाही.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. २०१७ च्या अधिनियमाच्या ६५ व्या कलमात नोंदणीच्या अटी म्हणून सोयी व सेवांची किमान मानके, कर्मचाऱ्यांची किमान अर्हता आणि अभिलेख ठेवणे या बाबी सांगितल्या आहेत. ६७ व्या कलमाप्रमाणे दर तीन वर्षांनी नोंदणीकृत आस्थापनांची तपासणी व्हावयाची आहे. अर्हतेत स्थानिक बोलीची जाण आणि अभिलेखात प्रत्येक निवाशाची भाषानोंद घालता येईल. त्या नोंदीत त्याला कोणत्या नावाने हाक मारीत, ‘तू’ की ‘तुम्ही’, पाणी, भूक, शौच व वेदना यांसाठी त्याच्या घरात कोणते शब्द होते, तो दिवस कशावरून मोजतो, कोणते नाव तो घेणार नाही, एवढे असले तरी पुष्कळ झाले. हे सारे नातलगांना माहीत असते. त्यांना ते कोणी विचारीत नाही. व्यवसायोपचारात हाताला अजून काय करता येते याची पाहणी प्रथम करतात. वाणीची पाहणीही त्याच तत्त्वावर व्हावी.

मराठीच्या अभ्यासकांना ही दृष्टी परकी वाटू नये. फलटण हे महानुभाव पंथाचे क्षेत्र. पंचकृष्णांपैकी चांगदेव राऊळ येथलेच मानतात. त्याच पंथाच्या ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृतात रचना करण्यापासून परावृत्त केल्याची हकिकत आहे, आणि त्यामागे त्यांनी दिलेले कारण, तसे केल्यास पंथातील म्हाताऱ्या वंचित होतील, हे आहे. ग्रंथाची भाषा ठरविताना ज्या वृद्धांचा विचार झाला, त्यांचाच विचार निकषांची भाषा ठरविताना व्हावयास हवा.

मराठी विभागांकडे येणारे काम यातून उघड होते. तालुक्यागणिक देहधर्माच्या, वेदनेच्या आणि कालगणनेच्या शब्दांच्या याद्या पदव्युत्तर विद्यार्थी एका वर्षात करू शकतील. वृद्ध पिढी बोलती आहे तोवरच त्या होऊ शकतील. त्या हाती आल्या तर तीन वर्षांनी येणाऱ्या तपासनीसाने व्यवस्थापकाऐवजी रात्रपाळीच्या परिचारकाला एवढेच विचारावे : खाटेवरचा हा माणूस पाण्याला काय म्हणतो, परसाकडे जावयाचे असता काय म्हणतो, आणि दुखले तर काय म्हणतो?